हातमोज्यांचा रविवार

फोन आला तेव्हा मी मंडईत मटार निवडत होतो. शनिवारची संध्याकाळ होती. भर थंडीत अवकाळी पाऊस येऊन नुकताच थांबला होता आणि पायाखाली कोथिंबिरीच्या काड्यांचा चिखल झाला होता. फोनवर मयूरी होती, माझ्या मित्राची, गजाननची मुलगी, सातवीत शिकते. "काका, तुम्ही लगेच या ना... बाबा उठत नाहीयेत."  मटार तसेच पाटीत राहिले. हडपसरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर येऊन, हृदयविकाराचा झटका म्हणून सांगून गेले होते. जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. दारातून आत शिरलो तर डाव्या हाताच्या खिळ्यावर त्याचे मोटरसायकलचे हातमोजे टांगलेले होते आणि त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. खाली फरशीवर लहानसं डबकं साचलं होतं. येणारी माणसं त्यातच पाय टाकून आत जात होती, आणि ओल्या पावलांचे ठसे थेट त्याच्या उशापर्यंत गेले होते.

गेलेल्या माणसाला वीतभर उंच करून सांगायची आपल्याकडे रीत आहे. माझ्यात आता तेवढा उत्साह नाही. चाळिशी ओलांडली की माणूस लग्नांपेक्षा दहाव्यांना जास्त जातो म्हणतात. मी तर दोन्हीकडे जायला थकलो आहे. गजानन थोर वगैरे नव्हता. यवतमाळकडून नोकरीसाठी पुण्यात आला, सॉफ्टवेअर कंपनीत लागला, हडपसरला फ्लॅट घेतला, मोटरसायकलवरून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येरझारा घालत राहिला आणि एका शनिवारी गेला. माझा मित्र होता. मला त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे ते बहुतेक त्या हातमोज्यांबद्दलच आहे, तेव्हा ज्यांना काही उदात्त वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

ते दिवस असे होते की ज्याला म्हणून कॉम्प्युटर सुरू करता येई त्याला हिंजवडीत कोणी ना कोणी खुर्ची देत असे. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच कंपनीत रुजू झालो. मी जन्माने पेठेतला. लग्न झाल्यावर हडपसरला राहायला गेलो, तेव्हा मावशीने आईला विचारलं होतं, "गावी गेला म्हणे तुझा मुलगा?" तिथे गजानन आमच्या मागच्याच सोसायटीत निघाला. मग पेट्रोल वाचवायचं म्हणून आम्ही एक दिवस त्याची गाडी, एक दिवस माझी, असं ठरवलं. सकाळी उजाडता उजाडता निघायचं, कारण आपल्याआधी उजाडणाऱ्या साहेबांच्या देशातल्या घड्याळाशी आमची शिफ्ट बांधलेली. थंडीत नदीवरच्या पुलावर आलो की वारा बाहीतून काखेपर्यंत शिरायचा. मला नुसतीच थंडी वाजायची, पण गजाननच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडायची आणि बधिर व्हायची. ऑफिसात पोचल्यावर तो चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचा आणि मला म्हणायचा, "मले टाइप कराले जमून नाई राहिलं बे, पासवर्ड तूच टाक." मी विचारलं, यवतमाळला काय थंडी नसते? तर म्हणाला, "असते ना. पन तिथं येवढ्या सकाळी गाडी कोन चालवते?" वर्षभर त्याचा पासवर्ड मला पाठ होता. मुलगी झाल्यावर त्याने तो बदलून तिच्या नावाचा केला, हेही मलाच आधी कळलं.

मग कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी एका बर्फाच्या देशात पाठवलं. ऑनसाइटहून परतताना लोक कॅमेरे आणायचे, अत्तरं आणायचे, बायकोसाठी न चालणारा मिक्सर आणायचे. हा गडी हातमोजे घेऊन आला. काळे, तळव्याला कातडं, पाठीला जाड कापड, आत बोटभर मऊ अस्तर, आणि मनगटाच्या पार वर चढणारे. त्याने ते पहिल्या दिवशी घातले तेव्हा मी म्हटलं, "गाडी चालवणार आहेस की पावाची भट्टी टाकणार आहेस?" तो हसला नाही. पुलावर आलो तेव्हा मागे न वळता ओरडला, "सगळी बोटं हायेत राजा! धाच्या धा हायेत!" एवढा आनंद त्याला पगारवाढीनेही झालेला मी पाहिला नाही.

पण पुण्याची थंडी फार तर सकाळच्या दुसऱ्या चहापर्यंत टिकते. परतताना दुपारचं ऊन, प्रत्येक सिग्नलला रिक्षांचा धूर, आणि बर्फासाठी शिवलेल्या त्या अस्तरात गजाननचे दोन्ही हात शिजत असायचे. घाम बाहेर जायला वाट नाही. महिन्याभरात त्या हातमोज्यांना असा वास सुटला की विचारू नका. तो ते हेल्मेटमध्ये कोंबून टेबलाखाली ठेवायचा. आमचे टीम लीड सदाशिव पेठेतले होते. एक दिवस ते खुर्चीतून न उठता, कुणाकडेही न बघता म्हणाले, "कुणाच्या तरी टेबलाखाली काहीतरी मेलंय. ज्याचं असेल त्याने कृपया अंत्यविधी उरकून घ्यावा." गजाननचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तो त्या वासामागे हात धुऊन लागला.

आधी त्याने त्यात पावडर ओतली. ती घामात कालवली जाऊन अस्तरात तिचा लगदा झाला. मग अत्तराचा फवारा मारला, त्याने मोगऱ्याच्या गजऱ्यात उंदीर गुंडाळल्यासारखं झालं. मग डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्या दिवशी आमच्या दोघांच्या डब्यातल्या पोळ्यांना संडासाचा वास येत होता. शेवटी वैतागून त्याने ते सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकले, गरम पाण्यात, कपड्यांच्या साबणाने. बाहेर आले तेव्हा तळव्याचं कातडं पापडासारखं कडक झालेलं. तरीही वाळल्यावर घालून बघितले, आणि ओलसर हात ओढून काढताना आतलं अस्तर हाताबरोबर बाहेर आलं. ज्यांनी असे हातमोजे वापरले आहेत त्यांना ही आपत्ती ठाऊक असेल. बाहेर आलेली अस्तराची बोटं पुन्हा आपापल्या बोटात जायलाच तयार नसतात. करंगळी अनामिकेत शिरते, अंगठा कुठे गेला ते कळत नाही. आम्ही दोघं इंजिनिअर अख्खा रविवार पेनाच्या मागच्या टोकाने ते ढोसत बसलो होतो.

त्यातून सुटका झाली ती मयूरीच्या जन्माने. पोर भर पावसाळ्यात झाली. गजाननची आई बाळंतपणासाठी गावाहून आली होती. तिला सगळे माय म्हणत. फ्लॅटमध्ये कपडे वाळेनात, तेव्हा तिने तिच्या पद्धतीने बंदोबस्त केला. शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर राख, त्यावर चिमूटभर ओवा, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि लसणाची सालं. वर बांबूचं टोपलं पालथं घालायचं आणि टोपल्यावर बाळाचे लंगोट, झबली, दुपटी पसरायची. ऊब लागते, ओल जाते, कपड्यांना धुरी मिळते आणि पोराला सर्दी होत नाही, असं तिचं म्हणणं. एकदा तिने दाराशी लटकणारे ते हातमोजे हुंगले आणि मुलाला म्हणाली, "काहून रे, हे हातात घालतं का पायात?" मग तिनेच रिठे भिजवले, जसे ती आपल्या एकुलत्या एक रेशमी लुगड्यासाठी भिजवत असे. हातमोजे त्या पाण्यात धुतले, अस्तराच्या प्रत्येक बोटाचं टोक आतून एकेका टाक्याने बाहेरच्या शिवणीला अडकवून टाकलं, आणि लंगोटांच्या शेजारी टोपल्यावर ठेवून दिले. पाळण्यात मयूरी, टोपल्यावर तिचे लंगोट आणि बापाचे हातमोजे. मी ते पाहिलं आहे.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार हातमोज्यांचा ठरला. माय गावी परत गेली, पुढे काही वर्षांनी वारलीही, पण गजाननने तिची पद्धत एका टाक्यानेही बदलली नाही. शनिवारी संध्याकाळी रिठे भिजत घालायचे. रविवारी सकाळी बादली, तांब्या, शेगडी घेऊन गच्चीवर जायचं, कारण खाली त्याच्या बायकोच्या, वर्षावहिनींच्या शिकवण्या चालायच्या आणि धुराने पोरं खोकायची. हातमोजे हातात घालायचे आणि रिठ्याच्या पाण्यात, जेवून उठल्यावर हात धुतो तसे चोळून धुवायचे. मग आत पाणी भरून हलकेच दाबायचं, घाण उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. पिळायचे नाहीत कधीच, बोटांकडून मनगटाकडे दाबत पाणी काढायचं, जुन्या टॉवेलात गुंडाळून थोपटायचं. बोटं वर करून सावलीत टांगायचे. उन्हं कलली की धुरी. वर तळव्याच्या कातड्याला तेलाचं बोट. उरलेली ओल जायला आणखी एक रात्र पंख्याखाली लागे, म्हणून त्यानंतरच्या सोमवारी तो उघड्या हातांनी गाडी चालवत यायचा आणि चहाचा ग्लास धरून बसायचा. "ओले मोजे पिशवीत कोंबले का संपलं बे," तो मला दर वेळी बजावायचा. जणू माझ्याकडे असले हातमोजे होतेच. आमच्या सोसायट्यांचा एकच सेक्रेटरी होता, धूर बघून तो एकदा गच्चीवर आला आणि थोडा वेळ शेगडीकडे पाहत उभा राहिला. म्हणाला, "अहो, आपण हे धुता की भाजता?" गजानन म्हणाला, "दोन्ही करतो साहेब. तुमचे असतील तर आना." सेक्रेटरी पुन्हा वर आला नाही.

मी जवळजवळ प्रत्येक हातमोज्यांच्या रविवारी तिथे असायचो. माझं काही काम नसे. कठड्याला टेकून चहा प्यायचा आणि मगरपट्ट्याच्या बाजूला उसाच्या जागी उगवणाऱ्या इमारती मोजायच्या, त्याही नंतर मोजवेनात. मधल्या मंदीत आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. शुक्रवारी खुर्ची गेली, रविवारी मी गच्चीवर. बायकोने समजावलं होतं, भावाने फोनवर समजावलं होतं, समजून घेऊन घेऊन मी पार शिणलो होतो. गजाननला सगळं माहीत होतं, तो अजून त्याच मजल्यावर बसत होता. त्याने हातमोजे चढवले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "पानी टाक." मी तांब्याने पाणी घालत राहिलो, तो हात चोळत राहिला. नोकरीचा विषय त्याने काढला नाही. पाणी काळं निघत होतं, मग राखाडी, मग नितळ. खाली उतरताना एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी पन तूच टाक." मला दुसरी नोकरी लागली तरी ते काम माझ्याकडेच राहिलं. त्या माणसाची आठवण मला होते ती याच एका वाक्यासाठी.

त्या शेवटच्या शनिवारी त्याला कामावर बोलावलं होतं. अलीकडे शनिवार-रविवार असा काही भेद उरला नव्हता. एवढ्या वर्षांत रस्त्यावर उड्डाणपूल झाले आणि घरी पोचायला लागणारा वेळ वाढला. तो दमलेला दिसायचा. मी म्हणायचो, सुट्टी घे. तो म्हणायचा, "घेऊन करू काय? पुन्हा तेवढंच काम साचते." दुपारी निघायच्या आधी त्याने मला फोन केला. पाऊस येतोय, हातमोज्यांची वाट लागणार आहे, उद्या गच्चीवर ये. भिजत घरी आला, हातमोजे खिळ्याला लावले, पातेल्यात रिठे भिजत घातले, छातीत जड वाटतंय म्हणाला आणि जरा आडवा झाला. ते पातेलं ओट्याखाली तसंच होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी कुणीतरी ते घाण पाणी समजून मोरीत ओतून टाकलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. पुढे काही आठवड्यांनी वर्षावहिनींचा फोन आला. त्या हडपसरच्याच एका शाळेत शिकवतात, मोजकं बोलतात, रडतानाही आवाज खाली ठेवतात. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज ठिकाणावर नव्हता. "भावजी, जरा येऊन जाल का... माझ्या हातून फार वाईट झालंय." गेलो. टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी, गाठ सोडलेली, आणि आत ते हातमोजे. बोटांच्या बेचक्यांत पांढरी-हिरवी बुरशी धरली होती आणि खोलीभर कुबट वास पसरला होता. झालं होतं असं, की तिसऱ्या दिवशी वहिनींनी ते खिळ्यावरून काढून नाकाशी धरले, आणि त्यात गजाननच्या हातांचा वास होता. कामावरून येऊन तो मयूरीच्या गालावर हात ठेवायचा, वहिनींच्या हातून पाण्याचा पेला घ्यायचा, तेव्हा जो वास यायचा तो. तो उडून जाऊ नये म्हणून त्यांनी ते तसेच, ओलसर, पिशवीत घालून घट्ट गाठ मारली. रोज उघडलं तर संपेल म्हणून उघडलीही नाही. "त्यांचं सगळं देऊन टाकलं मी," त्या म्हणाल्या. "शर्ट दिले, बूट दिले. एवढंच ठेवलं होतं. आणि आज उघडलं तर... त्यांचा वासच नाही हो राहिला."

मी म्हटलं, आपण धुवू. तशा त्या दचकल्या. "नको. असेल नसेल तेवढंही जाईल." मला वाद घालायचं त्राण नव्हतं. शेवटी जे खरं होतं तेच म्हणालो, "वहिनी, त्याने हे असे एक दिवससुद्धा घरात ठेवले नसते."  वहिनी उठल्या आणि फळीवरचा रिठ्यांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

त्या दिवशी मी बुरशी जुन्या ब्रशने झाडली, मयूरीला चायनीज करायला आणलेलं व्हिनेगर पाण्यात घालून ते पुसून काढले आणि वाऱ्यावर ठेवले. रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. इतक्या वर्षांत वहिनी हातमोज्यांसाठी पहिल्यांदाच वर आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी शिकवणी ठेवली नव्हती. मी त्यांना सांगितलं की हे हातात घालूनच धुवायचे असतात. त्यांनी घातले. त्यांचे हात लहान, त्यामुळे बोटांची टोकं रिकामी राहून वाकत होती. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मी तांब्याने पाणी घालू लागलो. आधी काळं पाणी निघालं, मग राखाडी. वहिनी सावकाश चोळत होत्या, एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, मनगट. त्यांच्या अंगाला न शोभणारे ते मोठे काळे हात एकमेकांना धूत होते. माझ्याने तिकडे बघवेना, म्हणून मी पाण्याच्या धारेकडे बघत राहिलो. पाणी नितळ झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "गेलं आता सगळं." हातमोजे काढताना अस्तर जागचं हललं नाही. मायचे टाके अजून पक्के होते.

दुपारभर ते सावलीत टांगलेले होते. उन्हं कलल्यावर मी शेगडी पेटवली. निखाऱ्यांवर राख घातली, ओवा, कडुनिंबाचा पाला आणि लसणाची सालं टाकली, टोपलं पालथं घातलं. खरं सांगायचं तर माझा मेंदू तोवर बंद पडला होता. वर्षानुवर्षं जे बघितलं ते हात आपोआप करत होते. वहिनी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. धूर टोपल्यातून वर येऊ लागला, पहिल्यांदा दाट, मग पातळ, आणि वाऱ्याबरोबर त्यांच्याकडे वळला. त्या ताठ झाल्या. वळून पाहिलं आणि उठून आल्या. टोपल्यावरचा एक हातमोजा उचलला, ऊन ऊन, दमट, आणि दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबून धरला. 

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास होता त्यांच्या हातांना."

मीही वाकून हुंगलं. मला तो नुसता मायच्या धुरीचा वास आला, इतकी वर्षं गच्चीवर येत होता तोच. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पिशवीत कोंडून काही उपयोग नव्हता. तो वास त्याच्या घामाचा नव्हताच. महिन्याच्या महिन्याला, दमून भागूनही, सगळी घाण धुऊन काढल्यावर मागे जे उरायचं त्याचा होता. मी हे वहिनींना बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती, त्यांना माझ्या आधीच कळलं होतं.

आता ते हातमोजे पुन्हा दाराशी डाव्या हाताच्या खिळ्यावर असतात, कोरडे. ते घालून गाडी चालवणारं घरात कुणी नाही. त्या संध्याकाळी शेगडी विझवून आम्ही खाली आलो, वहिनींनी चहा ठेवला. चहा उकळत असताना त्यांनी फळीवरचा दुसरा डबा काढला, कानाशी धरून हलवून पाहिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भावजी, पुढच्या महिन्याला एवढा ओवा पुरेल ना?"